नासपतीचा जामीन

ल्युबेन येणार म्हणून मी सकाळपासून तीनदा बसथांब्यापर्यंत जाऊन आले. खोटं कशाला बोलू, चारदा. माझ्याकडे शेती शिकायला आलेल्या चौघांना सांगितलं, चरांची पातळी बघून येते. चर थांब्याच्या बरोबर उलट्या बाजूला आहेत. दोन दिवसांत त्यांना एवढंही कळलं नसेल, तर माझ्या शिकवण्यात काही राम नाही.

पाच वर्षांपूर्वी राजधानी सोफिया सोडायचं आम्ही दोघा नवराबायकोनं मिळून ठरवलं. सोडली मी एकटीनं. विमा कंपनीतली नोकरी, चौथ्या मजल्यावरचं घर, सगळं टाकून रोडोपी पर्वतातल्या या उतारावर आले. नांगरट बंद केली, उतारावर आडवे चर खणले, मातीवर पेंढा पसरला. शेजारचे मनोल आजोबा कुंपणावर रेलून म्हणाले होते, "पोरी, शेताला गोधडी घातलीस, आता उशीपण दे." आज त्यांच्या टोमॅटोखालीही पेंढा असतो, पण ते कबूल करायचे नाहीत. आणि शहरातली माणसं हेच शिकायला माझ्याकडे येतात.

ल्युबेन हातातलं काम संपवून मागून येणार होता. पहिल्या शरदात त्यानं दाराजवळ नासपती लावली. म्हणाला, "हिला पहिलं फळ धरेल तेव्हा मी कायमचा इथं असेन." मी ते धरून बसले. चाळिशीला टेकलेली बाई, पण दर वसंतात त्या झाडाकडे परीक्षेच्या निकालासारखी बघायची.

वीस डिसेंबरला, संत इग्नातच्या दिवशी, आमच्याकडे न फळणाऱ्या झाडाला दम देतात. एकानं कुऱ्हाड उगारून तोडतो म्हणायचं. दुसऱ्यानं झाडाला जामीन राहायचं: तोडू नका, पुढच्या वर्षी देईल. गेली तीन वर्षं कुऱ्हाड मनोल आजोबांची आणि जामीन ल्युबेन. त्या दिवसाला तो न चुकता यायचा. संध्याकाळी चुलीपाशी माझे गार पाय मांडीवर घेऊन बसायचा, आणि दुसऱ्या दिवशीच्या बसनं परत. त्या उबेवर मी वर्ष काढायची.

यंदा तीनची शेवटची बस आली, पावाच्या पिशव्या उतरवून गेली. आजोबा कुऱ्हाड घेऊन दारात हजर झाले.

शिकाऊंतली योआना किंचाळलीच. "आजोबा, थांबा! बाई म्हणतात, वर्षभर बघितल्याशिवाय काही तोडायचं नाही."

"मी पाच वर्षं बघतोय," आजोबा म्हणाले. "बाईंचा नवरा कुठाय? जामीन कोण?"

तेवढ्यात फोन वाजला. ल्युबेनच. मी स्पीकर लावला आणि फोन झाडापुढे धरला.

"रुम्याना, ऐक ना, या वेळी नाही गं जमत. साहेबांनी ऐनवेळी..."

"राहू दे ते. आजोबा काय विचारतायत ऐक."

आजोबांनी कुऱ्हाड उगारली. "काय गं ए, देतेस फळ, की घालू घाव?"

पलीकडे तो आणखी कुणाशी तरी बोलत होता. मग घाईघाईनं म्हणाला, "पाच वर्षांत देत नाही ना? मग तोडा की. नवीन कलम आणू चांगलं."

विसरला होता. रागानं नाही, मुद्दाम नाही, नुसताच विसरला होता. मला तेच जास्त लागलं. खरं तर त्याला चार शब्द सुनावायला हवे होते. पण मला तो हवा होता. इथं, या थंडीत, नाक लाल झालेला, "तोडू नका" म्हणणारा.

कुऱ्हाड वरच राहिली. जामीनच तोडा म्हणाला तर काय करायचं, हे आजोबांनाही ठाऊक नव्हतं. असं कधी घडलंच नव्हतं.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "फोनमधलं झाडाला ऐकू येत नाही. इथं उभं असेल त्यानं बोलायचं. आणि लवकर बोल, खांदा गेला माझा."

मी फोन बंद केला.

"तोडू नका, आजोबा. ही देईल. मी सांगते."

"कधी?"

"वेळ लागतो तिला. मी आहे इथं."

त्यांनी कुऱ्हाडीची बोथट बाजू खोडाला अलगद टेकवली आणि हुश्श केलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "आणि ल्युबेन?"

पाच वर्षं याचं उत्तर माझ्या जिभेवर तयार असायचं. सासूबाईंना, गावाला, स्वतःला मी तेच देत आले होते: पुढच्या वर्षी येईल.

"चरांची पातळी बघून येते," मी म्हणाले, आणि या खेपेला खरंच चरांकडे गेले.