भिंतीला मीठ कमी

परांचीवरून पडलो तेव्हा हवेत असतानाच मी ठरवलं, डाव्या पायावर पडायचं. उजव्या पायातल्या बुटाला नुकताच नवा तळ मारून घेतला होता. माझ्या बायकोला हे आजही पटत नाही. पण तो बूट अजून शाबूत आहे, आणि डावा पाय थंडी यायच्या आधीच तिची वर्दी देतो. आणखी काय पुरावा हवा?

मी गवंडी. जन्मभर दुसऱ्यांच्या भिंतींना प्लास्टर केलं, आणि आता डॉक्टरांनी माझ्या पायाला केलं. तेही काय ओबडधोबड! ओळंबा सोडून बघितला असता तर त्या डॉक्टरला मी पुन्हा सगळं खरवडून काढायला लावलं असतं.

तर मी घरी, आणि बायको लॉन्ड्रीत. तिथे ती दिवसभर दुसऱ्यांच्या चादरींना इस्त्री करायची. तिच्या एकटीच्या पगारात भाडं, थोरला, धाकटी, ती आणि मी. स्वयंपाक माझ्याकडे आला. त्याआधी मी स्वयंपाकघरात फक्त जेवायला जात असे.

पण खरं सांगतो, सूप आणि माल यांत फारसा फरक नाही. माल म्हणजे आमचा वाळू-सिमेंटचा. भरणीला काहीतरी स्वस्त लागतं, धरून ठेवायला काहीतरी चिकट लागतं, आणि पाणी बेतानं. भरणीला मी सुके वाटाणे नाहीतर मसूर घेई, रात्री भिजवून. चिकटपणाला जव, किंवा बटाटे शिजवून त्यातले अर्धे मोडून टाकायचे. बाजार उठायच्या वेळी भाजीवाली गाजराचे शेंडे, तडकलेला कोबी आणि मऊ पडलेले टोमॅटो जवळजवळ फुकट देई. लंगड्या माणसाला तर वर दोन कांदेही. सालं आणि दांडे वेगळे उकळून त्याचं पाणी करायचं. कांदा मंद आचेवर इतका परतायचा, की शेजाऱ्यांनी दार वाजवून विचारावं, आज काय विशेष? शिळा पाव तव्यावर कडक करून वर टाकायचा. शेवटी लिंबाचे चार थेंब. झालं. हे सगळं मी थापीनं ढवळत असे. वेगळी थापी, घासूनपुसून घेतलेली. कोणी तोंड वाकडं करू नये.

माझं सूप घट्ट असायचं. किती घट्ट? शेजारची मांजर एकदा पातेल्यावरून चालत गेली आणि तिचे पाय कोरडे राहिले.

सगळं छान चाललं होतं, आणि सासूबाई आल्या.

सासूबाईंनी उभा जन्म एका वसतिगृहाचं स्वयंपाकघर चालवलं होतं. दुसऱ्यांदा वाढून मागणाऱ्या पोरीकडे त्या अशा बघत, की पोरीची भूक महिनाभर मरावी. स्वतः तर त्यांनी कुठेच, कधीच दुसऱ्यांदा मागितलं नव्हतं. आल्या त्या हातात एकच पिशवी घेऊन, म्हणजे मुक्काम थोडा आणि हेतू मोठा. बसायच्या आधीच बोलल्या.

"पोरीला आणि नातवंडांना मी घेऊन जाते. पाय बरा झाला की या न्यायला."

"आई, माझी नोकरी आहे इथे," बायको म्हणाली.

"नोकरी मिळेल दुसरी. पोरांच्या गालांकडे बघ जरा. हा गडी त्यांना भिंतीचा माल खायला घालतोय."

"आजी, बाबांचं सूप मस्त असतं," धाकटी म्हणाली.

"तू गप. तुला अजून दातही धड आले नाहीत, चव कुठली आली?"

मी हसण्यावारी नेलं, पण मनात हिशेब मांडला. पोरं गेली की घरात मी, माझा पाय आणि शेजारची मांजर. आणि बायकोनं लॉन्ड्री सोडली तर ती परत तिथे लागेल याची खात्री नव्हती. बायकोनं माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि ती अगदी सहज म्हणाली, "बरं. शनिवारपर्यंत जेव आमच्याकडे. तोपर्यंत तू स्वतःच्या तोंडानं दुसऱ्यांदा वाढून मागितलंस, तर आम्ही इथेच राहणार. नाही मागितलंस, तर रविवारी तुझ्याबरोबर."

सासूबाई इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावला. "मी? अगं, माझ्या स्वतःच्या लग्नात नाही मागितलं मी!"

"मग काय बिघडलं? कबूल?"

"कबूल. सामान बांधायला घे."

नंतर मी बायकोला कोपऱ्यात गाठलं. "हे काय करून बसलीस?"

"अहो, तिला नाही म्हटलं असतं तर आजच नेलं असतं. आता निदान चार दिवस तरी मिळाले. करा काहीतरी."

मी केलं. पहिल्या दिवशी बटाट्याचं आणि कांद्याचं. सासूबाईंनी वाडगा संपवला, चमचा पालथा ठेवला.

"कसं झालंय, आई?" बायकोनं विचारलं.

"गरम आहे."

दुसऱ्या दिवशी मसूर आणि टोमॅटो. थोरल्यानं तीनदा घेतलं. सासूबाईंचा चमचा पालथा.

"आज?"

"ओलं आहे."

तिसऱ्या दिवशी कोबी, गाजर आणि जव, वर कडक पावाचे तुकडे. त्यांनी शेवटचा घास जरा सावकाश घेतला. मी पातेल्याकडे हात नेला. त्यांनी वाडगा स्वतःच विसळून फळीवर ठेवला आणि म्हणाल्या, "जावईबापू, माझ्या उशाशी वारा येतो. गवंड्याच्या घरात भिंतीला भेग? शोभतं का हे?"

हे मात्र वर्मी लागलं. त्यांची खाट आम्ही सगळ्यात उबेच्या जागी टाकली होती, स्वयंपाकघरात, चुलीमागच्या भिंतीला लागून. धुराडं त्याच भिंतीतून वर जायचं. पण खिडकीच्या चौकटीपासून त्यांच्या उशीपर्यंत एक बोटभर भेग होती. ती मी अनेक वर्षं 'उद्या करतो' म्हणत ठेवली होती.

शुक्रवारी सकाळी सगळी बाहेर गेली. बायको कामावर, पोरं शाळेत, सासूबाई पोरांना सोडायला. मी चूल आणि भिंत यांच्या मधे, चुलीकडे तोंड करून स्टुलावर बसलो, पाय दुसऱ्या स्टुलावर टाकला आणि एका दगडात दोन पक्षी मारायला घेतले. चुलीवर सालांचं पाणी उकळत होतं. डाव्या हाताला एका घमेल्यात भेगेसाठी माल कालवून ठेवला. उजव्या हाताला दुसऱ्या घमेल्यात त्या दिवसाचा हुकमाचा एक्का: वाटाणे आणि जव रात्रभर भिजवून, शिजवून, घोटून केलेला घट्ट गोळा. घरातलं होतं नव्हतं ते सगळं त्यात गेलेलं. पगार शनिवारी होता. संध्याकाळी तो गोळा उकळत्या पाण्यात सोडला की असं सूप झालं असतं, की सासूबाईंनी वाडगा डोक्यावर घेऊन नाचावं.

वाफेनं माझा चष्मा पांढरा झाला होता. भिंतीकडे तोंड करायला मी स्टुलासकट गर्रकन वळलो. गडी वळला की डावं उजव्या बाजूला येतं, हे मला माहीत आहे. पण पातेलं खदखदत होतं, गाणं म्हणत होतो, आणि हात आपोआप चालत होता. भेग काय सुंदर भरली, अख्खं घमेलं तिनं गिळलं! थापीला माल असा काही धरत होता की मी स्वतःशीच म्हटलं, वा, आज हाताला गुण आहे. वरून ओल्या फडक्यानं पुसून घेतली. भेग कुठे होती ते शोधून काढणाऱ्याला मी माझा उजवा बूट बक्षीस दिला असता.

सगळे घरी आले, सासूबाईंनी भिंतीवरून हात फिरवला, उशीशी गाल नेऊन बघितला आणि म्हणाल्या, "हे बरीक चांगलं केलंत."

त्यांच्या तोंडून निघालेली ती पहिली स्तुती. मी खूश होऊन सूप करायला घेतलं. गोळा काढायला घमेल्यात थापी घातली, तर आवाज आला, टण्ण.

त्या घमेल्यात सिमेंट होतं. पक्कं झालेलं.

बायको नेमकी आत आली. माझ्या तोंडाकडे बघितलं, घमेल्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि ती भिंतीला टेकून इतकी हलली, की मला वाटलं, भेग पुन्हा पडते.

"हसतेस काय? रविवारी जायचंय तुला!"

"अहो, खरवडा की मग!"

"कसं खरवडू? आयुष्यात पहिल्यांदा चांगलं म्हणाल्यात त्या."

त्या रात्री पानात सालांचं पाणी आलं. त्यात एक गाजर एकटंच पोहत होतं. पोरांनी निमूटपणे पावाचे तुकडे बुडवून खाल्ले. सासूबाईंनी वाडगा संपवला आणि विचारायच्या आधीच म्हणाल्या, "पाणी आहे."

मग चुलीत दोन लाकडं जास्त सरकवून आम्ही निजलो. धुराडं तापलं. भिंत तापली. आणि भिंतीतल्या वाटाण्यांनी, जवानं आणि परतलेल्या कांद्यानं जे करायचं ते केलं. पलीकडच्या खोलीत मलाही वास येत होता. मग भिंत जिच्या नाकापासून वीतभर, तिचं काय झालं असेल? त्यात पोटात नुसतं पाणी. खाटेच्या कुरकुरण्याचा आवाज मात्र बराच वेळ येत होता.

सकाळी काठी टेकत मी चूल पेटवायला आलो. सासूबाई अंथरूण घडी करून, केस विंचरून, फार साळसूद चेहऱ्यानं बसल्या होत्या. मी भिंतीकडे बघितलं. उशीच्या बरोबर वर भेगेत एक गुळगुळीत खड्डा होता. एकच नाही, त्याच्या शेजारी दुसरा. लांबट, गोलसर. मी गवंडी आहे, हत्याराची खूण बघून हत्यार ओळखतो.

मी फळीकडे वळलो. सगळे चमचे पालथे, आणि एकच, नुकता धुतलेला, सुलटा ठेवलेला होता.

संध्याकाळी बायको पगार घेऊन आली. येताना तिनं वाटाणे, जव, कांदे आणि एक अख्खा लसूण आणला. मी तेच सूप केलं, जसंच्या तसं, ह्या वेळी पातेल्यात. सासूबाई बोलवायच्या आधीच पाटावर येऊन बसल्या. वाढलं, त्यांनी संपवलं. चमचा हातात धरला, पालथा करायला नेला, तिथेच थांबवला, आणि मग जड मनानं पालथा केला. बायकोचा चेहरा पडला. थोरल्यानं पाहिलं आणि खाणं थांबवलं.

मी घसा खाकरला. "अगं, ऐकलंस का. भिंत परत बघायला हवी. उंदीर लागलाय."

"उंदीर? आपल्याकडे?"

"मोठा आहे चांगला. आणि शिकलेला. चमच्यानं खातो."

बायकोनं भिंतीकडे बघितलं. पोरांनी बघितलं. धाकटी उठून जवळ गेली आणि त्या खड्ड्यात बोट घालून म्हणाली, "आजीच्या उशीच्या वर आहे!"

"चमचा धुऊन ठेवतो, हेही खरं," मी म्हटलं. "संस्कार आहेत उंदरावर."

सासूबाईंचे कान लाल झाले. त्या माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या, त्या नजरेनं वसतिगृहातल्या किती पोरी उपाशी निजल्या असतील देव जाणे. मग त्यांचे ओठ थरथरायला लागले. मला वाटलं रडतात. पण नाही, हसू दाबत होत्या, आणि ते दाबलं जाईना. त्यांनी चमचा सुलटा केला आणि वाडगा माझ्यापुढे धरला.

"वाढा, जावईबापू. भरपूर वाढा."

"म्हणजे मागतेस ना, आई?" बायको म्हणाली. "स्वतःच्या तोंडानं?"

"मागते गं बाई, मागते! आता काय लिहून देऊ?"

पोरांनी असा काही कल्ला केला की वरच्या मजल्यावरून कोणीतरी काठी आपटली.

रविवारी त्या एकट्या गेल्या. पिशवीत वाटाण्यांची पुडी होती, आणि ती त्यांनी आम्हाला न सांगता घेतली होती. माझा पाय बरा झाला, मी पुन्हा परांचीवर चढलो, पण सूप मात्र माझ्याकडेच राहिलं. पुढच्या थंडीत सासूबाई पुन्हा आल्या. पिशवी ठेवली, थेट चुलीमागे गेल्या आणि तीच खाट मागितली.

"भेग बुजवलीत का हो?" त्यांनी विचारलं.

"बुजवली ना. ताजी. कालच."

त्यांनी भिंतीवर बोट फिरवलं. इकडेतिकडे बघितलं, कोणी नाही अशी खात्री केली आणि बोट चाटलं. मी दाराआड होतो, पण ते त्यांना माहीत नव्हतं.

"बरी झालीय," त्या भिंतीला म्हणाल्या. "मीठ मात्र ह्या वेळीही कमीच."