एक पुतळा, दोन जाकिटे

बुधवारी दुपारी, बाजारपेठेमागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरील शिवणाच्या खोलीत, दोन सख्ख्या जावांची दोन जाकिटे टेबलावर शेजारी शेजारी मांडण्यात आली. दोघी मिळून हाताने भरलेले कपडे विकत. आज मोठ्या दुकानाच्या मालकीणबाई निवड करायला आल्या होत्या, आणि त्यांच्या दर्शनी काचेत पुतळा एकच होता.

धाकटीला सुई धरायला थोरलीनेच शिकवले होते. आता तीच धाकटी बेफिकीर हाताने असे पक्षी भरी, की गिऱ्हाइकाची नजर थोरलीच्या रेखीव वेलींवरून घसरून थेट तिकडे जाई. थोरलीच्या पोटात दुखे. ओठांवर मात्र "छान हो" एवढेच येई.

आज तिला राहवले नाही. "बाई, भरतकामाची परीक्षा पाठीमागून होते," असे म्हणून तिने दोन्ही जाकिटे उलटी केली. अस्तर अजून लावायचे होते. तिच्या वेली मागूनही तितक्याच नितळ होत्या. धाकटीच्या पक्ष्यांमागे गाठींचे नुसते जंजाळ होते.

"जाऊबाई, माझ्या पाखरांची आतडी कशाला दाखवता?" धाकटी हसत म्हणाली.

"आतडीच खरं बोलतात," थोरली म्हणाली.

मालकीणबाईंनी चष्मा सावरून दोन्ही पाठी निरखल्या, जाकिटे पुन्हा सुलटी केली आणि पाखरांचे जाकीट उचलले.

"तुमची उलटी बाजू सुंदर आहे," त्या थोरलीला म्हणाल्या, "हिची सुलटी."