घर पाहिले : होय

"लाइटबिल आणलंय का?" हिलालनानांनी विचारलं.

समोरच्या माणसाने या कडेवरची पोरगी त्या कडेवर घेतली. "कुत्रीचं पिल्लू न्यायला लाइटबिल? रेशनकार्ड नको का, नाना?"

"रेशनकार्डावर मेलेली माणसंही जेवतात. मीटरला तेवढी कल्पना सुचत नाही. सहा महिन्यांची बिलं आणा, तोवर पिल्लू मी धरून ठेवतो."

माणूस हसत गेला. नानांनी पिल्लू परत पिंजऱ्यात ठेवलं. तो येणार नाही हे त्यांना त्याच्या चपलांवरून कळलं होतं.

शिरपूरच्या शाळेच्या मैदानावर त्या रविवारी दत्तक मेळावा होता. धुळ्याच्या प्राण्यांच्या आश्रयगृहाची एक छोटी टेम्पोगाडी होती. महिन्यातून दोनदा ती पिंजरे घेऊन कधी शिरपूर, कधी अमळनेर, कधी धुळ्याचाच एखादा चौक गाठायची. नानांच्या हिशेबी शंभरातले साठ लोक नुसते बघे, तीस फोटो काढणारे, सात जण 'घरी विचारून येतो' म्हणून पळणारे, आणि तिघेच काय ते खरे. त्या तिघांतला एक आठवड्याने कुत्रं परत आणून देतो आणि सांगतो की ते फार भुंकतं.

नानांनी तेहतीस वर्षं घरोघर फिरून विजेचे मीटर वाचले. त्या नोकरीत त्यांना अकरा चावे बसले : दहा कुत्र्यांचे, एक एका घरमालकाचा. दहा कुत्र्यांना त्यांनी केव्हाच माफ केलं होतं. निवृत्त झाल्यावर आठव्या दिवशी सुलक्षणाबाई म्हणाल्या, "माझ्या पोळ्या मोजत बसू नका, बाहेर जाऊन दुसरं काहीतरी मोजा." ते थेट आश्रयगृहात आले. अकरा चावे खाल्लेला माणूस लोकांना कुत्री वाटत फिरतो, यावर गल्लीत पुष्कळ थट्टा झाली. नाना म्हणत, "कुत्रं जे करतं ते घरात शिकलेलं असतं. मी कुत्री बघत नाही, घरं बघतो."

तेवढी एक गोष्ट मात्र खरी नव्हती. घरं ते बघत नसत, बिलं बघत.

दत्तक फॉर्मच्या शेवटच्या ओळीत छापलेलं होतं : 'घर पाहिले का?' आश्रयगृहाची डॉक्टर पूनम गाडीही स्वतःच चालवायची. प्रत्येक मेळाव्याला ती म्हणायची, "नाना, कुत्रं देण्याआधी घरी जाऊन यायला हवं." नाना बिल पुढे धरायचे. "हे बघ. चौऱ्याण्णव युनिट, ब्याण्णव, पंच्याण्णव, त्र्याण्णव. हे घर वेळेवर जेवतं, वेळेवर दिवा मालवतं. ज्याच्या घरात भांडणं, त्याचं एका महिन्यात चाळीस, एका महिन्यात दोनशे. घर याहून वेगळं काय बघायचं असतं?" आणि त्या ओळीपुढे ते सुबक अक्षरात लिहायचे : होय.

पूनम फॉर्म फाइलला लावायची. तेहतीस वर्षांपुढे तिची चार वर्षं होती.

ऊन चढलं तसे बघे पांगले. तेव्हा फाटकातून एक बाई आत आली. पिंजऱ्यांकडे तिने पाहिलंही नाही. डोक्यावरचा पदर दातात धरून ती सरळ टेबलाशी आली. उजव्या हाताची दोन बोटं चिंधीने बांधलेली होती आणि चिंधीच्या वरचा हात वांग्यासारखा झाला होता.

"वळखं का, भाऊ? तुम्ही माले तांबी दिधी व्हती. दसराना टाइमले."

नानांना बाई आठवली नाही, बिल आठवलं. अनेर नदीच्या अंगाचं गाव. रतिलाल पाटील. चौऱ्याण्णव, ब्याण्णव, पंच्याण्णव, त्र्याण्णव. तांबूस कुत्री बाईला चिकटून बसली म्हणून फॉर्म बाईच्या नावाने भरला होता : पुष्पाबाई.

"आठवलं तर! काय म्हणते तांबी?"

"तिले आज डुकरवर सोडतस."

पूनम उठून उभी राहिली.

पुष्पाबाईंनी उभ्याउभ्याच सांगितलं. गावात रानडुकरं मका लोळवतात. मका कापत आणला की ती शेवटच्या उभ्या पट्ट्यात जमतात. मग माणसं भाले घेऊन पट्टा घेरतात आणि कुत्री आत घालतात. गावातली कुत्री आता शहाणी झालीत, आत जात नाहीत. म्हणून मेळाव्यातून आणायची. अमळनेरहून दिराने, झुलालने आणलं ते पोळ्याच्या आत फाटलं. धुळ्याहून चुलत्याच्या नावाने आणलं ते थंडीत.

नानांनी रजिस्टर उघडलं नाही. दोन्ही बिलं त्यांना पाठ होती. एकाच गावात तीन कुत्री गेली, तिन्ही बिलं नमुनेदार, तेव्हा तेच पूनमला म्हणाले होते, "या गावाचा सत्कार करायला पाहिजे."

"तांबीला सहा महिने घरात ठेवली, मग आजच का?" पूनमने विचारलं.

"घरमा राखाले व्हती. परवादिन मन्हा नवरानी माले लाकूडवरी मारं. ती मधमा पडनी. याले पिंढरीले चावनी." बाईंनी बांधलेला हात पदराआड घेतला. "मंग त्यानी मन्हा बोटं दारमा घालात. आनि सांगं, रविवारले तिन्हा हिसाब करस."

पिंजरे शाळेच्या शिपायाच्या हवाली करून गाडी निघाली. पुष्पाबाई मागे बसल्या. पूनम गाडी हाकत होती. वाटेत ती एकच वाक्य बोलली, "फोन करते ठाण्यात." फोन केला. तिकडून उत्तर आलं, माणूस मोकळा झाला की पाठवतो.

शेत मोठं होतं. सगळा मका आडवा झाला होता, मधोमध एसटी बसएवढा एक पट्टा उभा होता. भोवती नऊ माणसं. नानांनी सवयीने मोजली. चार भाले, तीन काठ्या, एक पत्र्याचा डबा, एक सुतळी बॉम्बची पिशवी. बांधावर एक म्हातारं जोडपं घरून चहाची किटली घेऊन आलं होतं, जत्रेला यावं तसं. तांबी दोरीने बांधलेली, दोरीचं टोक रतिलालच्या मनगटाला. तो पांढऱ्या स्वच्छ शर्टातला, भांग नीट पाडलेला माणूस होता. पिंढरीला पट्टी.

"या या, नाना! चहा लेशात?"

"कुत्री परत द्या."

"ती चावस ना, नाना. चावणारी कुत्री तुम्ही आम्हले दिधी, आम्ही काही बोलनूत का? आज तिन्हाकडथून काम करी ल्हेवा, मंग लई जा. वाचनी तं."

माणसं हसली. नाना म्हणाले, "करार आहे. नीट सांभाळलं नाही तर कुत्री परत. कागदावर सही आहे."

"कागद कोना नाववर शे?"

"पुष्पाबाईंच्या."

"म्हंजे मन्हाच."

मागून आवाज आला. फार मोठा नव्हता. "मन्हा नाववर शे. मी परत देस."

रतिलालने मान वळवून बायकोकडे पाहिलं. ती गाडीतून उतरली आहे हे त्याला तेव्हा कळलं. तो चार पावलं चालत गेला आणि हातातली दोरी न सोडता त्याने डाव्या हाताने तिच्या कानशिलात मारली. ती ढेकळांत बसली. आठही माणसं मक्याकडे बघू लागली. चहावाल्या म्हातारीने किटलीचं झाकण नीट बसवलं.

"लावा रे!" रतिलाल ओरडला.

डबा वाजू लागला. दोन बॉम्ब पट्ट्यात पडले. मका थरथरला, एका जागी दुभंगला, पुन्हा मिटला. रतिलालने तांबीच्या बरगडीत लाथ घालून तिला पुढे ढकललं आणि दोरी सोडली. ती आत गेली नाही. शेपूट पायांत घालून उलटी पुष्पाबाईंकडे पळाली. माणसं शिव्या देत हसली, आणि त्याच हसण्यात डुक्कर बाहेर आलं.

ते ओरडलं नाही. खांद्याशी उंच, मागे उतरतं, तोंडाशी पांढरा सुळा, आणि एवढ्या मोठ्या अंगाला न शोभणारा वेग. नऊ माणसांत जिथे माणूस नव्हता तिथून ते निघालं, म्हणजे जिथे पुष्पाबाई बसल्या होत्या तिथून.

तांबी मधे पडली. परवा पडली होती तशीच.

तिने कान धरला. डुकराने मान एकदाच वर झटकली आणि कापड फाटावं तसा आवाज आला. ती हवेत गेली, पाठीवर पडली, उठली, पुन्हा कानाला लागली. दुसऱ्या झटक्याला तिच्या कुशीतून काहीतरी बाहेर लोंबलं. नानांना वाटलं आपण ओरडतोय, पण ते पळत होते. हातात गाडीतला कुत्री धरायचा लांब दांडा होता. तो त्यांनी डुकराच्या नाकाडावर घातला. मनगटापर्यंत मुंग्या आल्या. डुकराने तोंड वळवलं, आणि नानांना पिंढरीत फक्त गरम वाटलं. मग झुलालचा भाला डुकराच्या बरगड्यांत गेला. भाल्यासकट ते मक्यात शिरलं, माणसं त्याच्यामागे. आत धपाधप आवाज, एक लांब किंकाळी, पुन्हा धपाधप. नंतर कुणीतरी मोठ्याने हसलं.

नाना खाली बसले. बूट भरला होता. तांबी दोन हात अंतरावर पडून आपली जखम चाटायचा प्रयत्न करत होती, पण मान तिथवर पोचत नव्हती.

रतिलाल परत आला तो काठी घेऊन. शर्टावर एक ठिपका नव्हता. "हटा नाना. आते संपाडी टाकस. बिचारीले तरास कसाले?"

काठी वर गेली. नाना केव्हा उठले ते त्यांना सांगता येणार नाही. पहिला दांडा रतिलालच्या मनगटावर बसला, काठी उडाली. दुसरा खांद्यावर. तिसऱ्याला तो गुडघ्यांवर आला, चौथ्याला पालथा. नाना मोजत होते. पाच. सहा. सातव्यानंतर आकडा सुटला. नीट पाडलेल्या भांगातून रक्त आलं, त्याने हात जोडले. नानांनी जोडलेल्या हातांवर मारलं. तेहतीस वर्षं ज्या माणसाने दारात उभं राहून शिव्या ऐकल्या आणि मुकाट्याने आकडा लिहून घेतला, त्या माणसाला त्या घडीला फार बरं वाटत होतं.

दांडा वरच अडला. पुष्पाबाईंनी तो धरला होता, चिंधी बांधलेल्या हाताने.

"बस करा, भाऊ." त्यांचा गाल सुजत चालला होता. "तुम्ही धुळे निंघी जाशात. माले तं आठेच ऱ्हानं शे. याना बठ्ठा मार मन्हा आंगवर फिटी."

नानांच्या हातातून दांडा गळाला. आपण मारलेला प्रत्येक फटका कोणाच्या नावावर चढला ते त्यांना कळलं. खाली रतिलाल रडत होता, आणि रडतारडता बायकोकडे बघत होता. ती नजर नानांनी वाचली. वाचायला बिल लागलं नाही.

मक्यातून माणसं परत येऊ लागली होती. पूनमने गाडी थेट ढेकळांत घातली. तिने आणि नानांनी मिळून तांबीला चादरीत उचललं. लोंबणारं ओल्या फडक्यात गुंडाळून आत ढकललं, वरून पट्टा आवळला. तांबी एकदाही चावली नाही. पूनमने पायातली शीर शोधून सुई लावली, सलाईन जोडलं. नानांच्या पिंढरीला तिने आपली ओढणी बांधली आणि म्हणाली, "टाके शिरपूरला. दोघांनाही."

"कागद?" नाना म्हणाले. कागद नसता तर उद्या हीच माणसं कुत्री चोरल्याची तक्रार करणार होती.

परतीचा फॉर्म बरोबर आणलेल्या रजिस्टरातल्या मूळ फॉर्मच्या पाठीवर होता. नानांनी तो उलटताना शेवटची ओळ दिसली, त्यांच्याच सुबक अक्षरातली. त्यांनी त्या 'होय'वर आडवी रेघ मारली. पेन कागदातून आरपार गेलं. पुष्पाबाईंना उजव्या हाताने सही करता येईना. त्यांनी डाव्या हाताचा अंगठा पेनच्या शाईवर घासला आणि उमटवला. शेजारी थोडं रक्त लागलं, ते कोणाचं हे सांगणं कठीण होतं.

"ही बाटली वर धरायला कोणीतरी पाहिजे," पूनम म्हणाली. "नाना, तुम्ही पुढे बसा, पाय वर घ्या. बाई, जरा धरता? निदान गाव ओलांडेपर्यंत."

पुष्पाबाई मागे चढल्या. चादरीशेजारी मांडी घातली. चांगल्या हाताने बाटली डोक्याच्या वर धरली. मागे झुलाल ओरडत होता, "वैनी, उतर खाले! वैनी!"

गाडी ढेकळांतून वाटेवर आली, वाटेवरून गावात. पारावरची माणसं बघत राहिली. पिंपळापुढच्या वळणावर निळ्या दाराचं घर होतं. अंगण सारवलेलं, दोरीवर पांढरे शर्ट वाळत घातलेले.

"आठेच उतरनं शे का?" नानांनी मागे वळून विचारलं.

पूनमने गाडी हळू केली, मग थांबवलीच. इंजिन चालू ठेवलं. निळ्या दारातून कोणी बाहेर आलं नाही. पारावरचा एक जण उठून उभा राहिला.

पुष्पाबाईंनी घराकडे पाहिलं नाही. त्यांनी कोपर गुडघ्यावर टेकवलं, बाटली पुन्हा वर केली आणि नळीतून पडणारा थेंब बघत राहिल्या.

पूनमने गिअर टाकला.