साहेबांच्या पायांचं कुंकू

बरखेड्यातल्या कारखान्याच्या क्वार्टरपुढे चपलांचा ढीग पाहून सुचेता अजगावकर रिक्षातच थबकली. ट्रेनिंगवरून ती आठ दिवसांनी परतत होती. एवढ्या चपला तिच्या लग्नातही जमल्या नव्हत्या.

"बहनजी, लाइन से," दारातल्या फोरमननं तिला तिच्याच घरात शिरताना अडवलं.

आत टीव्हीच्या जागी चौरंग, त्यावर काचेची पेटी आणि पेटीत साहेब. साहेब म्हणजे तिनं पाळलेला झाडबेडूक. कूलरमध्ये सापडलेला. दिवसभर गारव्यात डोळे मिटून बसायचा, म्हणून हे नाव. मात्र दिवे लागले की झुरळांवर तुटून पडायचा. तिथं ऑफिसातल्या साहेबांशी साम्य संपायचं.

पेटीशेजारी मनोहरमहाराज बसले होते. गेल्या वर्षापर्यंत ते कारखान्याच्या स्टोअर्समध्ये हेडक्लार्क होते.

"पाच दिवस अन्न नाही, हालचाल नाही," महाराज सांगत होते. "आणि चरणी आपोआप कुंकू उमटलं. हा तपस्वी आहे. उद्या संध्याकाळी तलावात जलसमाधी घेणार."

"त्यानं सांगितलं?" सुचेतानं विचारलं.

"संकेत दिला."

"कसा?"

"काहीच न करून."

सुचेता वाकली. साहेबाच्या मांड्या लाल, पोटही लाल. "आई, पाणी कधी बदललंत?"

"तीर्थ कुणी बदलतं का गं?" सासूबाई कमलिनीबाई म्हणाल्या.

सुचेता तशीच मागच्या गल्लीत गेली आणि जनावरांचे डॉक्टर मधुकर पेठे यांना घेऊन आली. डॉक्टरांनी ओले हातमोजे घातले आणि ओल्या कापसानं साहेबाची मांडी हलकेच पुसली.

"कुंकू असतं तर कापसाला लागलं असतं. कापूस पांढराच आहे."

महाराज डगमगले नाहीत. "अंतर्कुंकू."

गर्दीनं पुन्हा हात जोडले.

"महाराज," डॉक्टर म्हणाले, "तुमचं अंग लाल झालं, जेवण सुटलं, उठवेना, तर काय कराल?"

"मेडिकल लीव्ह टाकून दवाखान्यात जाईन." अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीतल्या सवयीचं उत्तर महाराजांच्या तोंडून निघून गेलं. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हाही आजारीच आहे. बेडूक कातडीनं पाणी पितो, कातडीनं श्वासही घेतो. सडक्या पाण्यातले जंतू आत गेलेत. कातडीखाली रक्त साकळलंय, ते तुमचं कुंकू."

कमलिनीबाई पुढे सरकल्या. "जगेल का हो?"

"उद्या तलावात टाकला नाही, तर शक्यता आहे."

चौरंग हलला. पेटी धुतली गेली. बादलीत दिवसभर ठेवून क्लोरीनचा वास उडालेलं नळाचं पाणी, खाली ओलं फडकं, डॉक्टर देतील तेवढेच औषधाचे थेंब, आणि हात लावायचा नाही. दाराशी कमलिनीबाई स्वतः बसल्या. "दर्शन बंद. पेशंट आराम करतोय."

बाराव्या दिवशी लाली गेली. दिवेलागणीला साहेबानं झडप घालून झुरळ गिळलं.

"आज एकादशी आहे रे," कमलिनीबाई म्हणाल्या आणि दुसरं झुरळ पुढे सरकवलं.

महाराजांनी दारावर टांगलेली जलसमाधीची पाटी त्यांनी उलटी केली आणि मागच्या बाजूला खडूनं लिहिलं: "बेडूक असो की सासू, जेवेना, हलेना, अंग लाल झालं, तर आधी डॉक्टरला दाखवावे. नमस्कार बरे झाल्यावर करावा."