सरकत्या रांगा

शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात पहिल्या रांगेवरून माणसं जशी भांडतात, तशी सख्खे भाऊ जमिनीवरूनही भांडत नसतील. दर वर्षी कोणीतरी भरदुपारी येऊन रुमाल, पिशव्या, एकदा तर मुलाचा एक बूट ठेवून सबंध रांग अडवायचं, आणि मागे बसलेल्यांना स्वतःच्या लेकराऐवजी पुढच्याच्या टकलाचं दर्शन व्हायचं. गेल्या वर्षी दोन आजीबाईंची छत्र्यांनी जुंपली. तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, हे लचांड माझ्या गळ्यात घातलं. म्हणाल्या, "तुम्ही गणित शिकवता, तुम्हीच काय तो न्याय करा."

मी केला. आठ वर्ग, आठ कार्यक्रम, सभागृहात आठ रांगा. ज्या वर्गाचा कार्यक्रम पहिला, त्याचे पालक पहिल्या रांगेत. ज्याचा दुसरा, ते दुसऱ्या. कार्यक्रम संपून पडदा पडला की शिट्टी. शिट्टी वाजली की पहिल्या रांगेने उठून सगळ्यात मागे जायचं आणि बाकीच्यांनी एकेक रांग पुढे सरकायचं. म्हणजे ज्याचं मूल रंगमंचावर, तो त्या वेळी पहिल्या रांगेत. ना वशिला, ना रुमाल. मला स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं की मी फळ्यावर आकृती काढून सगळ्या शिक्षकांना दोनदा समजावलं.

माझी लेक पाचव्या कार्यक्रमात होती. समुद्रावरचं नाटुकलं, त्यात ती कासव. सगळे मासे नाचून बागडून जातात आणि कासव आपलं या टोकापासून त्या टोकापर्यंत सरपटत राहतं, शेवटी मान बाहेर काढून म्हणतं, "पोचले एकदाची!" आमच्या घरात महिनाभर दुसरं वाक्य नव्हतं. अप्पा, म्हणजे माझे वडील, जेवायला पाटावर टेकतानाही तेच म्हणायचे.

अप्पांची नजर गेलीच होती म्हणायची. समोरच्या चेहऱ्याच्या जागी त्यांना डाग दिसायचा, कडेकडेने रंग तेवढे कळायचे, तेही जवळचे. लांबचं म्हणजे फक्त दिवा. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की पुढच्या वर्षी एवढंही राहणार नाही. म्हणून कासवाची पाठ मी मुद्दाम भडक हिरवी रंगवली. "आजोबा, पहिल्या रांगेतून हिरवं दिसेल ना, ती मी," असं लेकीने त्यांना बजावून ठेवलं होतं.

मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो, तुमच्या वडिलांसाठी एक खुर्ची पुढेच राहू द्या की. कोण काय म्हणणार आहे?"

"नको," मी म्हटलं. "एकाला दिली की उद्या सगळ्यांचेच वडील आंधळे होतील. आणि गरजच काय? पाचव्या कार्यक्रमाला ते आपोआप पहिल्या रांगेत येतात."

पहिले दोन कार्यक्रम असे सुरेख सरकले की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. तिसऱ्याला माशी शिंकली. बालवर्गाचा बदकनाच होता. एक बदक मध्येच फतकल मारून रडायला लागलं, दुसऱ्याने स्वतःच्या पंखाने त्याचं नाक पुसलं, आणि अख्खं सभागृह ओरडलं, "वन्स मोअर!" पडलेला पडदा परत उघडला, बदकं परत नाचली, पडदा परत पडला. मी त्या वेळी पडद्यामागे कासवाचे बंद बांधत होते. शिट्टी होती शिपाईमावशींकडे, आणि त्यांना मीच निक्षून सांगितलं होतं की पडदा पडला की वाजवायची, वर डोकं चालवायचं नाही. त्यांनी चालवलं नाही. दोनदा पडला, दोनदा वाजवली.

रंगमंचाच्या डाव्या हाताला बाहेर जायचं दार आहे. त्यावरचा हिरवा दिवा कार्यक्रम चालू असतानाही बंद करता येत नाही, तसा नियमच आहे. त्या दाराने मी सभागृहात आले, तर चौथा कार्यक्रम सुरू झालेला आणि पहिल्या रांगेत अप्पा! एक कार्यक्रम आधीच! ज्यांची मुलं समोर नाचत होती ते सगळ्यात मागे माना ताणून उभे होते.

"बाई, परक्याची बदकं पुढून बघितली आणि आमची मुलं इथून! हा कसला न्याय?" एक आई माझ्या कानाशी फिसकारली.

त्यांचं नुकसान झालं ते झालंच. पण पुढच्यांचं वाचवता येत होतं. एक शिट्टी जास्त वाजली, तर एक शिट्टी गाळायची. आता पडदा पडला की कोणी हलायचं नाही, की झालं सगळं परत जागच्या जागी.

पडदा पडला. मावशींच्या हातातली शिट्टी मी जवळजवळ हिसकावलीच आणि पुढे जाऊन सांगितलं, "या वेळी कोणीही सरकायचं नाही. आहात तिथेच बसा."

दुसऱ्या रांगेतून चपलांचे दुकानदार उठले. त्यांचा मुलगा सहाव्या कार्यक्रमात होता. "का बरं? आता आमची रांग पुढे यायची ना?"

"तुमची पुढच्या वेळी येईल. तेव्हाच तुमचा मुलगा आहे."

"म्हणजे ही पहिली रांग लागोपाठ दोन कार्यक्रम पुढे बसणार?"

"हो, कारण मघाशी शिट्टी एकदा जास्त..."

"शिट्टीचं राहू द्या हो," ते सभागृहाकडे वळून म्हणाले. "या रांगेत कोण बसलंय ते आम्हाला दिसतंय. बाईंचे वडील बसलेत!"

मग काय विचारता! जो तो बोलायला लागला. मी समजावत होते की बदकं एकदाच मोजा, दोनदा नका मोजू, आणि समजावता समजावता माझंच डोकं चालेनासं झालं. शिट्टी वाजवावी तर अन्याय, न वाजवावी तर वशिला. अप्पा त्या रांगेत नसते तर मी इतक्या हट्टाने उभी राहिले असते का? की ही चूक माझ्या ध्यानातच आली नसती? फळ्यावर जे इतकं स्वच्छ होतं, ते खुर्च्यांवर माणसं बसल्यावर माझं मलाच पटेना.

अप्पा उठले. चाचपडत खुर्चीची पाठ धरली.

"अप्पा, बसा तुम्ही. तुमचीच पाळी आहे. खरंच आहे."

"असेल गं. पण माझ्यापायी तुला कोणी खोटं का म्हणावं?"

"मी खोटं बोलत नाहीये!"

"ते मला माहीत आहे," ते म्हणाले, आणि हात पुढे धरून मागच्या भिंतीकडे चालू लागले. त्यांच्या रांगेतल्या बाकीच्यांची मुलं आता येणार होती, पण एका आंधळ्या म्हाताऱ्याने जागा सोडल्यावर आपण बसून कसं राहायचं, म्हणून तेही लाजेकाजेस्तव मागोमाग गेले. शिट्टी मी वाजवलीच नाही. सभागृह आपणहून सरकलं.

अप्पांना शेवटच्या रांगेत बसवून मी शेजारी उभी राहिले. कासव निघालं. पहिल्या रांगेत दुकानदार हाताची घडी घालून माझ्या मुलीकडे बघत होते. मला भयंकर राग आला. त्यांचा, मावशींचा, त्या बदकांचा, आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या आकृतीचा. अप्पा मात्र मान तिरकी करून समोर बघत होते आणि तोंडभर हसत होते.

पडदा पडला, आता पुन्हा वाद नको म्हणून मी शिट्टी वाजवून टाकली आणि दुकानदार मागे आले. त्यांचा मुलगा रंगमंचावर आला तेव्हा ते माझ्या शेजारी टाचा उंचावून उभे होते. "अहो बाई, माझा मुलगा आता आहे आणि मी इथे?" एवढं बोलून ते थांबले. बोटांवर काहीतरी मोजलं. "अरेच्चा! म्हणजे तुमचं बरोबर होतं. मग तेव्हाच जरा नीट सांगायचंत ना!"

यावर मी काय बोलणार, कपाळ?

कार्यक्रम संपल्यावर लेक हिरवी पाठ काखोटीला मारून धावत आली. अप्पांनी तिला जवळ ओढलं. "दिसलीस गं, दिसलीस! डाव्या हाताला, जरा उंचावर. हिरवीगार! पण बाळा, शेवटपर्यंत जागची हलली नाहीस. घाबरलीस का?"

मी डावीकडे पाहिलं. लेकीनेही पाहिलं. दारावरचा हिरवा दिवा तसाच होता. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"कासव ना मी, आजोबा," ती म्हणाली. "अगदी हळू चालते. लांबून कळत नाही ते."

"अस्सं होय! मग पोचलीस की नाही शेवटी?"

ती दिव्याकडे बघत राहिली. "पोचले एकदाची," ती हळूच म्हणाली.

अप्पांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. मला रडू आवरेना, आणि ते नक्की कशाचं, ते अजूनही सांगता येत नाही.