झाकणावरचा पेरू

कामू-कामू हे पेरूच्याच कुळातलं फळ. अ‍ॅमेझॉनच्या काठची त्याची झुडपं पुरात अर्धी बुडतात, तेव्हा लोक होडीतून फळं तोडतात. ती इतकी आंबट की नुसती खाववत नाहीत. म्हणून गर काढून गोठवतात, मग सुकवून त्याची भुकटी करतात. शंभर ग्रॅम ताज्या गरात क जीवनसत्त्व दोन हजार मिलिग्रॅमच्या आसपास असतं. पेरूत त्याच्या जेमतेम एक दशांश.

हार्बरफ्रंटच्या आमच्या लॅबमध्ये या दोन फळांच्या भुकट्यांची तुलना प्रबोधदादाकडे होती. तो पुण्याचा, मी अमरावतीची. आम्हा दोघांचे एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे परदेशी माणसाला इथे नोकरी करायचे परवाने, एकाच महिन्यात संपत होते, आणि आमच्या बॉस मिस लिम यांनी सांगून टाकलं होतं की वाढेल तो एकाचाच.

रुजू झाले त्याच आठवड्यात मी पेरूला जांब म्हणाले होते. दादा खो-खो हसला. "जांब? अगं, पेरू म्हण! एमएस्सी झालीस, आता मराठीही शिकून घे." तेव्हापासून जेवायच्या वेळी रोज, "काय जांबताई, आज काय डब्यात?"

नमुने कशाचे ते इतर टीमना कळू नये म्हणून आम्ही दोघं झाकणांवर मराठीत लिहायचो. दादाची मुलगी डेंग्यूने आजारी पडली, तो दोन दिवस आला नाही. तेवढ्यात मी भुकट्या बरण्यांत भरल्या. दोन्ही फिक्या गुलाबी. कामू-कामूच्या झाकणावर माल आला तो देश लिहिला, पेरू. दुसऱ्यावर मलेशिया.

तिसऱ्या दिवशी दादा सेंगकांगच्या घरून धावतपळत आला. डोळे तांबारलेले. पहिली बरणी उचलून म्हणाला, "हा पेरू ना गं?"

त्याची चूक माझ्या लगेच लक्षात आली. सांगायला तोंडही उघडलं होतं.

"हो दादा, पेरू."

आकडे उलटे आले. तो जरासा थबकला. मग "कामू-कामूचं सुकवतानाच उडालं असणार," असं पुटपुटत त्याने रिपोर्ट पाठवून दिला. चारला मुलीला डॉक्टरकडे न्यायचं होतं.

ग्राहकाने चूक दुसऱ्याच दिवशी पकडली. मिस लिमनी बरण्या टेबलावर ठेवल्या आणि काय लिहिलंय ते मला विचारलं. मी वाचून दाखवलं.

"मॅडम, आमच्या भाषेत गुआवाला पेरू म्हणतात," दादा म्हणाला.

मिस लिम हसल्या. "पेरू इज पेरू, लाह! धिस ऑल्सो कॅनॉट रीड?"

"खरंच, मॅडम. ऋताला विचारा." मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, मराठीत, "सांग ना गं. पास गेला तर पोरीची शाळा सुटेल."

मिस लिमनी माझ्याकडे पाहिलं.

"आमच्या घरी त्याला जांब म्हणतात," मी इंग्रजीत म्हणाले. यात एक शब्दही खोटा नव्हता.

दादाचं टेबल रिकामं झालं त्या दिवशी मी दोन्ही झाकणं स्पिरिटने पुसून घेतली. आता नावं इंग्रजीत लिहिते.