तुरीच्या शेंगा सोलताना

बडोद्याच्या सुभानपुऱ्यातल्या त्या शाळेने प्रतिमाला एक खोली दिली होती. गुबगुबीत खुर्च्या, मधे टेबल, भिंतीवर हसरे चेहरे. सहावी ते आठवीतल्या ज्या पोरांचं मन थाऱ्यावर नसेल, त्यांनी इथे येऊन समुपदेशक बाईंपाशी मोकळं व्हावं, अशी योजना. पोरं यायची, खुर्चीच्या कडेवर टेकायची आणि घड्याळाकडे बघत राहायची. समोर बसवून ‘बोल बाळा’ म्हटलं की भल्याभल्यांची वाचा बसते, तिथे या पोरांची काय कथा!

त्यातून सातवीतला आशय म्हणजे मूग गिळून बसलेला. गणपतीनंतर त्याने बोलणंच टाकलं होतं. हजेरीला हात वर करायचा, बाकी सगळं मानेने. डबा जसाच्या तसा घरी जायचा. त्याचे वडील अभिजित मकरपुऱ्याच्या कारखान्यात सुपरवायझर. त्यांनी फोनवर सांगून टाकलं, “मॅडम, पुष्कळ समजावलं. आता शुक्रवारी येऊन दाखला मागतो. हॉस्टेलला राहिला की येईल ताळ्यावर.”

प्रतिमाने फोन ठेवला. हे पोर घरापासून तुटलं तर आतल्या आत मिटून जाईल, हे तिला स्पष्ट दिसत होतं. पण काय खुपतंय ते त्याने सांगितल्याशिवाय ती वडिलांना अडवणार तरी कशी?

संध्याकाळी भाजी घ्यायला थांबली, तर गाडीवर तुरीच्या हिरव्या शेंगांचा ढीग. बडोद्यात थंडी आली ती अशी कळते. त्या शेंगा पाहिल्या आणि प्रतिमाला कारेलीबागेतल्या आत्याच्या घरचा ओटा आठवला.

दुपारचं ऊन, पसरलेला जुना पेपर, त्यावर शेंगांची रास आणि पलीकडे विमलआत्या. कचोरीला लीलवा लागतो, म्हणजे तुरीचे कोवळे दाणे, आणि आत्याच्या कचोऱ्या सबंध सोसायटीत वाटल्या जायच्या. म्हणजे शेंगाही तेवढ्याच. शाळेतून आलेल्या पोरीला आत्या बसकण मारायला लावायची. प्रतिमा सातवीत असताना यशश्रीने, जिवाच्या मैत्रिणीने, तिच्याशी कट्टी केली आणि वर्गातल्या बाकीच्या मुलींनाही फितवलं. घरात कुणाला सांगायची सोय नव्हती. ‘आपण अभ्यासाकडे लक्ष द्यावं’ हे उत्तर ठरलेलं. आत्याने मात्र कधी विचारलंच नाही. तिची नजर शेंगेवर, प्रतिमाची नजर शेंगेवर, आणि एका दुपारी सोलता सोलता सगळं आपोआप बाहेर आलं, नाका-डोळ्यांतल्या पाण्यासकट. आत्या फक्त “हं” म्हणाली आणि आणखी ओंजळभर शेंगा तिच्यापुढे सरकवल्या. केवढं हलकं वाटलं होतं तेव्हा! आत्या जाऊन किती वर्षं झाली, पण त्या भाजीच्या गाडीपाशी प्रतिमाला ती अशी काही हवीशी झाली की डोळेच भरून आले.

तिने शेंगांची अख्खी पिशवी घेतली.

दुसऱ्या दिवशी टेबल भिंतीला गेलं आणि जमिनीवर पेपर आला. आशय आला, चक्रावला, पण बसला. प्रतिमा सोलू लागली तसा तोही सोलू लागला. बोलला काहीच नाही, मात्र घड्याळाकडेही बघितलं नाही. रोज हेच चालू झालं. एकदा प्रिन्सिपल बाई दारात येऊन उभ्या. “आ शुं छे, प्रतिमाबेन? शाळा छे के शाकमार्केट?” शाळेचा भाजीबाजार केलाय, पोरांकडून घरची भाजी निवडून घेते, असा आळ आता येणार, हे प्रतिमाने ओळखलं. “शुक्रवार सुधी चालवा दो, बेन,” शुक्रवारपर्यंतची मुदत मागत ती अजिजीने म्हणाली. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, पण जाताना चार दाणे तोंडात टाकलेच.

शुक्रवारी अभिजित आले तेव्हा आशय शेंगा सोलतच होता. खुर्च्या भिंतीपाशी, म्हणून अवघडून खालीच बसले. पण बडोद्याचा माणूस, पुढ्यात शेंगांची रास. बोटं किती वेळ गप्प राहणार? तेही सोलू लागले. प्रतिमाने सगळ्यांत अवघड काम केलं. ती गप्प बसली.

“आमची आई करायची कचोरी,” बऱ्याच वेळाने अभिजित शेंगेशीच बोलल्यासारखं म्हणाले. “हा लहानपणी कच्चेच दाणे खायचा. आई ओरडायची, पोट दुखेल म्हणून.”

“ओरडायची नाही. आजी हळूच द्यायची मला.”

आशय बोलला होता. पण आवाज मधेच फाटला, अर्धा जाड, अर्धा चिरका. तो कानापर्यंत लाल झाला. अभिजितचा हात थांबला.

“आवाजाला काय झालं रे?”

“असंच झालंय.” मान खाली, हात चालू. “गणपतीत आरती म्हणताना फाटला. मुलांनी व्हिडिओ काढला. वर्गात सगळे तसाच आवाज काढून दाखवतात. हॉस्टेलमधलेही काढतील.”

“अरे, पण घरी? घरी का बोलत नव्हतास?”

“तुम्हीपण हसाल म्हणून.”

अभिजितनी हातातली शेंग पेपरवर ठेवली. मग म्हणाले, “मला वाटलं, तुला माझं तोंड बघायला नको झालंय. तुझी आजी गेल्यापासून मी उगाच चिडतो तुझ्यावर, मला कळतं ते. म्हटलं, माझ्यापासून लांब राहिलास तर निदान सुखात राहशील.”

आशयने पहिल्यांदा वर पाहिलं.

“मला नाही जायचं, बाबा.” आवाज पुन्हा फाटला. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले.

“बोल ना अजून,” अभिजित म्हणाले.

“काय बोलू?”

“काहीही. नुसतं बोल.”